पहिलं सेमिस्टर, तेही ऑनलाईन: खानापूर तालुक्यातल्या एका मुलीला उत्तर

पत्र असं आलंय:

"अक्का, मी खानापूर तालुक्यातली, वय २२. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पीयूसी (अकरावी-बारावी) कॉमर्स इंग्लिशमधून केलं, पास झाले पण मार्क बेताचेच. घरच्या अडचणीमुळं तीन वर्षं शिक्षण सुटलं, आता एका कापड दुकानात कामाला जाते, सकाळी १० ते संध्याकाळी ७. यंदा जुलैच्या बॅचला ऑनलाईन बीकॉमला ॲडमिशन घेतलंय, फी माझ्या पगारातून भरली. पुढच्या महिन्यात क्लास चालू होणार. आई म्हणते मोबाईल धरून बसलं की कॉलेज होतंय व्हय. घर लहान आहे, भाऊ पण शिकतोय, पावसात रेंज जाते. लॅपटॉप घ्यावा का, काम सोडावं का, इंग्लिश झेपेल का, आणि लाईव्ह क्लासला कॅमेरा चालू करायला लागतो का? मला तर त्याचीच जास्त भीती वाटते. काय काय तयारी करू सांगा."

अगं पोरी, आधी तुझं मनापासून अभिनंदन. तीन वर्षं सुटलेलं शिक्षण स्वतःच्या पगारातून फी भरून परत धरायचं म्हणजे लहान गोष्ट नाही. आता एकेक सांगते, पण तू विचारलंस त्या क्रमानं नाही सांगत, कारण तुला लॅपटॉप, रेंज आणि इंग्लिशची काळजी लागलीय आणि माझ्या बघण्यातली जी मुलं ऑनलाईन कोर्स अर्ध्यावर सोडून बसली त्यातली बहुतेक वेळेपायी बसली. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सकाळी बस धरायची असते, बेल होते, सर हजेरी घेतात, आणि घरचे पण "ती कॉलेजला गेलीय" म्हणून तिला कामं सांगत नाहीत. तुझ्याकडं ह्यातलं काहीच नसणार. तू घरात दिसणार, म्हणजे मोकळी आहेस असं सगळ्यांना वाटणार, आणि पंधरा-वीस दिवसांत तुझं तुलाच तसं वाटायला लागणार. "आज राहू दे, रेकॉर्डिंग आहे की, रविवारी बघते" इथून सुरुवात होते, मग चार विषयांची रेकॉर्डिंगं साठतात, मग ते ॲप उघडायलाच नको वाटतं. म्हणून तुझ्या तयारीत पहिलं काम हेच, कॉलेजची वेळ ठरवायची आणि ती घरात सगळ्यांना माहीत करून द्यायची.

किती वेळ लागतो त्याचा हिशोब आधी घालू, तू कॉमर्सवाली आहेस. मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात, त्यात लेक्चर, वाचन, असाइनमेंट सगळं आलं. तुझ्या सेमिस्टरला समजा २० क्रेडिट आहेत, तर ६०० तास झाले. सहा महिन्यांचे २५ आठवडे धरले तर आठवड्याला २४ तास पडतात. आकडा बघून घाबरू नको, पण हा आकडा कुणी आधी सांगत नाही आणि "ऑनलाईन म्हणजे निवांत" असं समजून लोक ॲडमिशन घेतात म्हणून मुद्दाम लिहिलं. तुझं दुकान १० ते ७. म्हणजे पहाटे ५ ते ७ हे दोन तास सहा दिवस धरले तर १२ झाले, रात्री जेवण झाल्यावर एक तास पाच दिवस म्हणजे ५, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळ-दुपार मिळून ५-६. बावीस-तेवीस तास इथंच निघाले, आणि पहिल्या सेमिस्टरला तेवढे पुष्कळ आहेत. पहाटेची वेळ मी मुद्दाम सांगतेय, तेव्हा डोकं ताजं असतं, घरात टीव्ही नसतो, आणि नेटला पण गर्दी नसते, व्हिडिओ फिरत बसत नाही. रात्रीच्या भरवशावर अवघड विषय ठेवू नको, दिवसभर दुकानात उभं राहून आल्यावर अकाउंट्स डोक्यात शिरत नाही, रात्री फक्त उजळणी किंवा असाइनमेंट उतरवून काढायचं काम ठेव.

आता आईचं. तिच्यावर रागावू नको, तिनं मोबाईलवर लोकांना रील बघतानाच बघितलंय, मग तिला काय कळणार तू काय करतेस ते. माझं ऐक, पहिला क्लास होईल तेव्हा तिला शेजारी बसव. पूर्ण तास नको, पंधरा मिनिटं बस म्हणावं. सर शिकवताहेत, मुलं प्रश्न विचारताहेत, तू वहीत लिहून घेतेस हे तिनं डोळ्यानं बघितलं की पुढचं निम्मं भांडण मिटतं. आयकार्ड मिळालं की त्याची प्रिंट काढून तिच्या हातात दे. आणि एक सांग तिला, यूजीसीची म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या युनिव्हर्सिटीची ऑनलाईन डिग्री ही कॉलेजात जाऊन घेतलेल्या डिग्रीच्या बरोबरीची धरतात, नोकरीला पण आणि पुढं शिकायला पण, हा यूजीसीचाच नियम आहे. मग एक कागद घे, त्यावर मोठ्या अक्षरात तुझ्या वेळा लिही आणि स्वयंपाकघरात डब्याच्या फळीजवळ चिकटव, आईला दिवसातनं दहा वेळा दिसेल असा. माझ्या ओळखीची कडोलीकडची एक बाई आहे, दोन लेकरांची आई, तिनं असाच कागद लावलेला आणि त्याखाली लिहिलेलं "ह्या वेळेला दूध उतू गेलं तर सासूबाई बघतील." सासूबाईंनी पण बघितलं, खरंच. तिचं बीए झालं.

ह्या वेळापत्रकात आपल्या भागाचा हंगाम पण बसव, नाहीतर ते कागदावरच राहील. जुलैच्या बॅचचे क्लास चालू होतात तेव्हा आपल्याकडं भाताची लावणी चालू असते, घरची शेती असली तर सगळ्यांना शेतात जावं लागतं, "मला क्लास आहे" म्हणून घरात बसता येत नाही आणि बसू पण नये. मग गणपती येतात, आणि बऱ्याच ठिकाणी पहिल्या असाइनमेंट आणि क्विझच्या तारखा त्याच्या आसपासच पडतात. सेमिस्टरची परीक्षा डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे सुगीच्या मागोमाग. म्हणून युनिव्हर्सिटीचं ॲकॅडमिक कॅलेंडर आलं की घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं तारखा उतरव, आणि लावणीचे आठ-दहा दिवस, गणपतीचे दिवस, सुगीचे दिवस आधीच सोडून दे, त्या दिवसांचा अभ्यास आधीच्या आठवड्यात ओढून घे. घरच्यांना पण आत्ताच सांगून ठेव की परीक्षेच्या तारखांना मी शेतात येणार नाही. ऐनवेळी सांगितलं तर भांडण, सहा महिने आधी सांगितलं तर कुणी काही म्हणत नाही, दुसरं माणूस बघतात.

कागदपत्रांकडं वळते, आणि हे नीट वाच, कारण आपल्या सीमाभागातल्या मुलांचं अडतं ते इथंच. तुझी एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीची मार्क्स कार्डं काढ, आधार काढ, बँकेचं पासबुक काढ, आणि चारी समोर ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळतंय का बघ. आपल्याकडं काय होतं, एका कागदावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नाव आणि पुढं नुसती इनिशियल, तिसऱ्यावर कानडीतून इंग्लिश करताना स्पेलिंगच बदललेलं. आजवर त्यानं काही बिघडलं नसेल, पण ऑनलाईन कोर्सला बिघडतं. कारण २०२४ पासून ऑनलाईन आणि डिस्टन्सच्या ॲडमिशनला डेब आयडी लागतो म्हणजे यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा, तो काढायला आधी एबीसी आयडी लागतो म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, १२ आकडी असतो, तो डिजिलॉकरमधून निघतो आणि डिजिलॉकर आधारवरचं नाव धरतं. तुझे क्रेडिट पुढं त्याच खात्यात जमा होणार. ॲडमिशन झालंय म्हणजे हे दोन्ही आयडी तुझे निघालेले असणार, ते कुणी काढले आणि कुठल्या नावानं काढले ते तपास. नावात फरक असला तर आत्ताच युनिव्हर्सिटीच्या हेल्पडेस्कला मेल टाक आणि विचार की तुम्हाला ॲफिडेविट चालेल का आधार दुरुस्त करून आणू, आणि त्यांचं उत्तर जपून ठेव. परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी आधार सेंटरला रांगेत उभं राहणं म्हणजे जिवाला घोर. जिल्ह्याच्या नावाचं पण लक्षात ठेव, २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं तरी कुठल्या पोर्टलवर नवीन आहे, कुठल्यावर जुनं, यादीत एक सापडलं नाही तर दुसरं शोध, पण एकदा जे भरलंस ते वहीत लिहून ठेव.

आणि मोबाईल नंबर! तुझ्या लॉगिनला कुणाचा नंबर आणि कुणाचा ईमेल आहे? हे मी हात जोडून विचारतेय. नेट सेंटरला जाऊन फॉर्म भरला की तिथला माणूस सोयीसाठी स्वतःचा ईमेल टाकतो, पासवर्ड पण त्यानंच ठेवलेला. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच होतं, परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, ओटीपी जातोय सेंटरवाल्याच्या फोनवर, आणि तो गेलेला लग्नाला गोव्याला, फोन उचलत नाही. पोरगी रात्री अकरापर्यंत त्या बंद शटरसमोर बापाबरोबर उभी होती. तुझा स्वतःचा जीमेल काढ, तुझ्याच सिमचा नंबर जोड, भावाचा पण नको, आणि ते सिम रिचार्ज संपून बंद पडू देऊ नको. पासवर्ड एका वहीत लिहून आईच्या ट्रंकेत ठेव.

फी पुढच्या वेळेपासून युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या पोर्टलवरच भर, पावती डाऊनलोड करून ठेव, कुणा एजंटाच्या गुगल पेवर पाठवू नको. ऑनलाईन कोर्ससाठी फ्रँचायझी द्यायला यूजीसीची बंदीच आहे. तुझ्या युनिव्हर्सिटीचं आणि तुझ्या कोर्सचं नाव यूजीसीच्या डेब विभागाच्या वेबसाईटवर ह्या वर्षाच्या यादीत आहे का ते एकदा स्वतःच्या डोळ्यानं बघ, युनिव्हर्सिटी खरी असली तरी कोर्सला वेगळी मान्यता लागते. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण सांगते, आपल्याकडं बरेचजण विचारतात की नाशिकच्या मुक्त विद्यापीठात इथून मराठीत शिकता येईल का. राज्याच्या विद्यापीठांना डिस्टन्सचे कोर्स आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतात, ऑनलाईन कोर्सला मात्र हद्द नाही, देशात कुठूनही ॲडमिशन घेता येतं. म्हणून फॉर्म भरताना कोर्स डिस्टन्स आहे का ऑनलाईन आहे हे आधी बघायचं. आणि फी सवलतीचं वेगळंच असतं, नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल ऑफिस) काढलेला जातीचा-उत्पन्नाचा दाखला दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाला सवलतीसाठी चालेलच असं नाही, ते लेखी विचारूनच पैशाचा हिशोब घाला.

रेंज. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात काय होतं ते मला सांगायला नको, करंट गेला की थोड्या वेळानं टॉवर पण जातो, कधी कधी दोन-दोन दिवस. ह्याला एकच उपाय, लाईव्हच्या भरवशावर राहायचं नाही. तू रोज दुकानाला बाजारपेठेत जातेसच, तिथं रेंज चांगली असते, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पुढच्या दोन दिवसांची लेक्चर आणि नोट्सच्या पीडीएफ कॉलेजच्या ॲपमध्येच डाऊनलोड करून ठेवायची सवय लाव. व्हिडिओची क्वालिटी कमी ठेव, बीकॉमच्या लेक्चरला फळ्यावरचं वाचता आलं की बस झालं. व्हिडिओ कॉलवरचा एक तासाचा क्लास अर्ध्या जीबीच्या वर सहज खातो, त्यामुळं रोज दीड जीबीचा पॅक असेल तर तो क्लास आणि वरचं रेकॉर्डिंग मिळून संपतो, भावाला हॉटस्पॉट देणं बंद कर, त्याला त्याचा पॅक मारू दे. एक पॉवर बँक घे, हा खर्च करच. आणि घरातल्या दोन सिमपैकी कुठल्या कंपनीची रेंज घराच्या कुठल्या कोपऱ्यात येते ते आत्ता, क्लास चालू व्हायच्या आधी बघून ठेव.

अभ्यासाला शांत जागा लागली तर सुट्टीच्या दिवशी सरळ बेळगावला जा. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आहे, साध्या बसला बायकांना तिकीट नाही, आधार जवळ ठेवलं की झालं, खानापूरहून बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, तुझा जायचा-यायचा खर्च शून्य. बेळगावात सार्वजनिक वाचनालय आहे, बाकी पण अभ्यासिका आहेत, महिन्यातनं दोन रविवार जरी तिथं चार तास बसलीस तर घरच्या आठ तासांचं काम होईल. शेजारी स्पर्धा परीक्षेची पोरं मान खाली घालून बसलेली असतात, आपोआप आपली पण मान खाली जाते.

लॅपटॉप. लगेच घेऊ नको. आधी युनिव्हर्सिटीचं परीक्षेचं पत्रक वाच किंवा हेल्पडेस्कला विचार, परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर आहे का सेंटरला जाऊन आहे. घरून असली तर बऱ्याच ठिकाणी वेबकॅम असलेला लॅपटॉपच लागतो, मोबाईल चालत नाही, मग परीक्षेच्या महिनाभर आधी तरी हाताशी पाहिजे, आणि त्यासाठी चुलतभावाचा चार दिवस मागून आणला तरी चालतो, फक्त मॉक टेस्ट त्याच लॅपटॉपवर दे. सेंटरला असली तर पहिलं सेमिस्टर मोबाईलवर निघतं. एक्सेल शिकायला पुढं लागेलच, तेव्हा सेकंडहँड बघू. पहिल्याच महिन्यात ईएमआय गळ्यात बांधून घेऊ नको.

काम अजिबात सोडू नको. तुझी फी त्याच पगारातून येते. पण मालकांना आत्ताच जाऊन सांग की मी बीकॉमला ॲडमिशन घेतलंय आणि परीक्षेच्या दिवसांत मला सुट्टी लागेल, तारखा कळल्या की देते. आपल्याकडचे दुकानदार शिकणाऱ्या पोरीला सहसा नाही म्हणत नाहीत, आणि दिवाळीच्या गर्दीत तू सुट्टी न घेता उभी राहिलीस तर परीक्षेला ते स्वतःच म्हणतील जा म्हणून. शिवाय तू दुकानात रोज बिलं बघतेस, उधारीची वही बघतेस, माल परत जातो तेव्हा काय नोंद करतात ते बघतेस. फायनान्शियल अकाउंटिंगची सुरुवात साधारण त्याच्यावरच असते, पुस्तकातली जर्नल एंट्री कळली नाही की दुकानातलाच व्यवहार घेऊन करून बघ.

इंग्लिश झेपेल. तू पीयूसी इंग्लिशमधून पास झालीस, म्हणजे डेबिट, क्रेडिट, लेजर, बॅलन्स शीट हे तुझे ओळखीचे आहेत. अडचण येईल ती सरांच्या बोलण्याच्या स्पीडची आणि लांबलचक उत्तरांची. रेकॉर्डिंगचा स्पीड पाऊणपट कर, सबटायटल चालू होत असतील तर चालू कर. विषय आधी मराठीत समजून घ्यायला काहीच हरकत नाही, यूट्यूबवर मराठीत अकाउंट्स शिकवणारे पुष्कळ आहेत, पण बघून झाल्यावर त्याच दिवशी तोच मुद्दा इंग्लिशमध्ये पाच-सहा लहान वाक्यांत स्वतःच्या हातानं लिही. लहानच वाक्यं. परीक्षेत मार्क मुद्द्यांना मिळतात, पल्लेदार इंग्लिशला कुणी जादा मार्क देत नाही. रोज एक असं उत्तर लिहिलंस तर डिसेंबरपर्यंत शंभराच्या वर उत्तरं तुझ्या हाताखालून गेलेली असतील. एआयला प्रश्न विचारून समजून घे, चांगलं समजावून सांगतं, पण त्याचं उत्तर उचलून असाइनमेंटमध्ये चिकटवू नको, एक तर युनिव्हर्सिट्या कॉपी तपासतात, आणि दुसरं म्हणजे परीक्षेत ते तुझ्या शेजारी नसणार.

असाइनमेंटला हलकं घेऊ नको हं. यूजीसीच्या २०२० च्या नियमात ऑनलाईन कोर्सला सेमिस्टरमधल्या कामाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि शेवटच्या परीक्षेला कमीत कमी ७० टक्के वजन आहे. हे ३० म्हणजे घरी बसून पुस्तक उघडून मिळवायचे मार्क, तुझ्यासारख्या बेताच्या मार्काच्या मुलीला तेच वर काढणार. आणि ते जातात कसे ते सांगते. एका मुलानं चौदा पानं सुंदर अक्षरात लिहिली, शेवटच्या रात्री अंथरुणावर वही ठेवून ट्यूबलाईटखाली फोटो काढले, प्रत्येक पानावर त्याच्याच हाताची सावली, पीडीएफ झाली २२ एमबीची आणि पोर्टल घेतंय फक्त ५. साडेअकराला मला फोन, अक्का काय करू. काय करणार त्या वेळेला! म्हणून आत्ता, क्लास चालू व्हायच्या आधी, कुठलीही दोन पानं लिही, मोबाईलमध्ये स्कॅनर ॲप घे, दिवसा खिडकीजवळ स्कॅन कर, ब्लॅक अँड व्हाईट ठेव म्हणजे साईझ आपोआप कमी होतो, पीडीएफ कर, फाईलला नाव दे एनरोलमेंट नंबर आणि विषय. ही प्रॅक्टिस दोनदा केलीस की झालं. आणि शेवटची तारीख तुझ्यासाठी दोन दिवस आधीचीच धर, पाऊस पण असतो ना आपल्याकडं. सबमिट झाल्यावर जो मेसेज येतो त्याचा स्क्रीनशॉट काढल्याशिवाय पोर्टल बंद करायचं नाही.

काही अडलं तर विचार. कॉलेजमध्ये सर कॉरिडॉरमध्ये भेटतात, इथं नाही भेटणार, तू विचारलं नाहीस तर तू अडलीस हे जगात कुणालाच कळणार नाही. मेल लिहायला लाजू नको, पण नीट लिही: वर एनरोलमेंट नंबर, कोर्स, विषय, खाली एकच प्रश्न, कुठल्या युनिटमधला ते, आणि स्क्रीनशॉट. "सर प्लीज हेल्प" असा मेल गेला तर त्यांना काय कळणार. तीन दिवसात उत्तर नाही आलं तर परत पाठव, त्यात उद्धटपणा काही नाही. बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर त्यात राहा, पण तिथल्या तारखांवर विश्वास ठेवू नको, पोर्टलवर जाऊन बघ, अर्धे मेसेज मागच्या वर्षीचे असतात. त्यापेक्षा त्या ग्रुपमधून एकच मैत्रीण शोध, निपाणीची असो नाहीतर धारवाडची, मराठी बोलणारी असो नाहीतर कानडी, तुला कानडी येतंच की थोडंफार. दोघींनी ठरवायचं, दर रविवारी रात्री अर्धा तास फोन, ह्या आठवड्यात काय झालं, काय राहिलं. तुला कुणीतरी विचारणारं आहे एवढ्यानं सुद्धा वेळ पाळली जाते, हा माझा पक्का अनुभव आहे.

आता कॅमेरा. मोठ्या बॅचच्या लाईव्ह लेक्चरला सहसा बंदच ठेवायला सांगतात, शंभर-दोनशे मुलांचे कॅमेरे चालू केले तर नेट बसतं. ओळख करून द्यायचा पहिला क्लास, तोंडी परीक्षा, आणि घरून परीक्षा असली तर ती, एवढ्यालाच लागतो. त्यासाठी एक साधी भिंत बघून ठेव, नसली तर मागं धुतलेली चादर लाव, उजेड तोंडावर येऊ दे, पाठीमागं खिडकी नको नाहीतर चेहरा काळा दिसतो, आणि मोबाईल हातात न धरता पुस्तकांच्या गठ्ठ्यावर डोळ्याच्या उंचीला ठेव. एकदा मैत्रिणीला व्हिडिओ कॉल करून बघ कसं दिसतंय ते. घर लहान आहे म्हणून लाजायचं काही कारण नाही, तुझ्या बॅचमधली निम्मी मुलं अशाच घरातून बसलेली असणार, काही जण तर दुकानाच्या काउंटरवरून, काही बसमधून. क्लासमध्ये नाव विचारलं तर नाव, गाव आणि "मी नोकरी करत शिकतेय" एवढं सांग, इंग्लिशमध्ये ही तीन वाक्यं आधी पाठ करून ठेवलीस तरी चालेल. माईक मात्र बोलून झाल्यावर लगेच बंद कर, नाहीतर आईचा कुकर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल. आणि पहिल्या असाइनमेंटचे मार्क आले की मला कळव, कितीही येऊ देत.